पिवळा धागा

तानूबाई कसबा बावड्यातल्या भंगाराच्या दुकानात टेलिफोनच्या टाकाऊ केबली सोलायची, आतलं तांबं काढायची. त्या दिवशी आलेल्या केबलीत तांबं नव्हतंच. केसाएवढी बारीक काच होती आणि तिच्याभोवती पिवळा धागा. चाकू घासला तरी धागा तुटेना. तिला काही उमगेना.

माल न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला तिनं विचारलं, “पावणं, प्लॅस्टिक न्हेताय ते कळतंय. ह्यो धागा कशाला?”

“मावशी, लई चिवट हाय त्यो. कुटून गाड्यांच्या ब्रेकात घालत्यात. असल्याच नव्या धाग्याची जवानांची जाकिटं करत्यात. गोळी आत शिरत न्हाय.”

तानूबाईनं हातातला गुंता उलगडून बघितला. मग हळूच म्हणाली, “आमचा संघर्ष, माझा ल्योक, काश्मिरात जवान हाय. त्याच्या एकट्यापुरता किती लागंल ओ?”