भरती लागली

डोळे गेल्यापासून नानांना व्हिडिओ कॉलचा काही उपयोग नव्हता. म्हणून दर शुक्रवारी सकाळी सुयश सौदीतल्या दम्मामहून गाडी काढून किनाऱ्यावरच्या तिवरांच्या जंगलात जायचा आणि फोन हातात धरून चालायचा. जन्मभर खाडीत चिंबोऱ्या धरलेले नाना तिकडे कोकणात खाटेवर पडून पाखरं ऐकायचे.

"ही टिटवी. जवळ पिल्लं असतील तिची, लांबून जा."

वाट गोल होती. गाडीपासून निघून पुन्हा गाडीपाशीच यायची. पण "आलीच गाडी," असं सुयश म्हणाला की नाना हमखास म्हणायचे, "चिखलातली पाखरं उठली बघ. भरती लागली. माघारी फिर, आल्या वाटेनं." आणि सुयश मुकाट्याने सगळी वाट उलटी चालायचा. भरतीच्या बाबतीत नानांशी वाद घालायचा नाही, ही लहानपणापासूनची सवय.

आज मात्र ऊन फार होतं. "नाना, इथे लाकडी पूल आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे. पाणी माझ्यापर्यंत येणारच नाही. आणि गाडी ही काय, समोरच आहे."



"पूल आहे ते कळतं रे. तुझे पाय वाजतात ना लाकडावर," नाना म्हणाले. "पण गाडीचं दार वाजलं की तू फोन ठेवतोस."

सुयशने हातातली किल्ली परत खिशात टाकली.

"नाना, पाणी खरंच चढतंय हो. फिरतो माघारी."