पोचलोच

“सही द्या, म्हणजे मी जातो,” खुर्चीच्या कडेवर टेकत मामा म्हणाले. “माझ्या डोक्यात काही बिघाड नाही. ऑफिसचा आपला उगाच हट्ट.”

हॉस्पिटलात त्यांना सगळेच मामा म्हणत, मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत. बावीस वर्षं त्यांनी अँब्युलन्स चालवली होती. गेले तीन आठवडे मात्र ते गाडीत बसायचे, किल्ली लावायचे, आणि हात तिथेच थांबायचा. फिरायचाच नाही. शेवटी ऑफिसनं त्यांना स्टोअरमध्ये चादरी मोजायला बसवलं आणि हातात चिठ्ठी दिली : समुपदेशकांना भेटा.

समुपदेशक मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि काहीच विचारलं नाही. मामांना ते जास्त अवघड गेलं. विचारलं असतं तर उत्तरं तयार होती. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून ते भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचायला लागले.

“हे अलीकडचं दिसतंय.”

“हो, चाळिशी उलटल्यावर शिकले. त्याआधी अकरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते.”

मामांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. “गाडी? तुम्ही?”

“का? पटत नाही?”

“तसं नाही.” पण परीक्षा घेतल्याशिवाय सोडतील ते मामा कसले! “नवीन माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवायचात?”

“काही नाही. नुसतं बसवायचे. सीट पुढेमागे करा, आरसे लावून घ्या, बाहेर बघा. गाडी सुरूच करू द्यायची नाही.”

“बरोबर,” मामा म्हणाले. पैकीच्या पैकी मार्क दिल्यासारखं.

“खरं सांगू का, गाडी शिकवता शिकवताच मी या कामाला लागले. लोक काय काय बोलायचे! सासूचं, साहेबाचं, मोडत आलेल्या संसाराचं. घरात ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती माणसं दुसऱ्या गिअरमध्ये घडाघडा बोलायची. समोर कुणाचं तोंड नसलं की जमतं.” असं म्हणत त्या उठल्या, आपली खुर्ची फरफटत आणली आणि मामांच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून मांडली.

खिडकीबाहेर पार्किंग होतं. एक पांढरी गाडी दोन गाड्यांच्या मधे शिरू पाहत होती. चार वेळा पुढे, चार वेळा मागे.

“स्टिअरिंग उशिरा फिरवतोय,” मामा पुटपुटले.

“आरशात बघतोय कुठे?”

“आता खांबाला लागणार. बघाच तुम्ही.”

लागली नाही. बोटभर अंतर राहिलं. दोघांनी एकदमच रोखलेला श्वास सोडला, आणि ते लक्षात येऊन दोघंही हसले.

हसू ओसरलं तरी मामा बाहेरच बघत राहिले.

“एक बाई होत्या,” ते म्हणाले. “चाळिशीच्या असतील. छातीत दुखत होतं. सिस्टर मागे होती, ऑक्सिजन लावलेला, तरी मास्क बाजूला करून मला विचारायच्या, ‘दादा, पोचतोय ना?’ मी म्हणायचो, ‘पोचलोच, ताई.’ पूल बंद होता, लांबचा वळसा घ्यावा लागला. परत विचारलं. परत मी तेच, ‘पोचलोच.’ किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी त्या ‘बरं, दादा’ म्हणाल्या. मग काही विचारलंच नाही.”

‘तुमची काय चूक’ असं मॅडम म्हणाल्या नाहीत. ते बायकोनं म्हणून झालं होतं, थोरल्या भावानं फोनवर म्हणून झालं होतं.

“किल्लीला हात लावला की ते ‘बरं’ ऐकू येतं. विश्वास ठेवला हो त्यांनी. आता उद्या मागून कुणी विचारलं, तर मी काय सांगू?”

“मलाही माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “शोधू आपण. मंगळवारी या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही.”

“म्हणजे सही नाहीच.”

“आज नाही. पण माझी गाडी बाहेर उभी आहे. आवारातल्या आवारात एक चक्कर मारू या. चालवणार मी, तुम्ही नुसतं बसायचं. नको वाटलं की सांगा, तिथल्या तिथे थांबवते. येता?”

मामांनी खिडकीतून एकदा पार्किंगकडे बघितलं. मग म्हणाले, “तुम्ही अकरा वर्षं शिकवलंत म्हणून येतो. नाहीतर दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मी बसत नाही.”

शेजारच्या सीटवर त्यांना आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. इंजिन सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. मॅडम सावकाश चालवत होत्या. एक्स-रे विभाग गेला, पाण्याची टाकी गेली. औषधांच्या गोदामापाशी वळताना खोक्यांनी भरलेली एक ढकलगाडी अचानक आडवी आली. मॅडमनी गाडी अलगद थांबवली. ढकलगाडीवाला हात वर करून निघून गेला.

मॅडमनी गाडी लगेच पुढे काढली नाही. मामांचा उजवा पाय खालच्या मॅटवर सगळ्या ताकदीनिशी रुतला होता.

“मामा,” त्या हळूच म्हणाल्या, “तिथे ब्रेक नाही.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. पाय उचलायला मात्र त्यांना थोडा वेळ लागला.