पंगतीतली जागा

मी अंगणवाडीची मदतनीस. तेहतीस वर्षं खिचडी शिजवली, लेकरांना वाढली, ताटल्या घासल्या. आज पासष्ट वर्षं भरली म्हणून वसमतहून आलेल्या सुपरवायझर मॅडमनी मला शाल पांघरली, नारळ दिला आणि किल्ली काढून घेतली. म्हणल्या, “मावशी, आता आराम करा.” मी विचारलं, “करते. पेन्शन किती भेटंल?” “मदतनिसांना पेन्शन नसते, मावशी. सेवा म्हणतात त्याला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकरं जेवायला बसली. मी नारळ टेबलावर ठेवला, मीच घासलेली एक ताटली उचलली आणि पंगतीच्या शेवटी मांडी घातली. “मावशी, हे काय करताय? खिचडी सहा वर्षांखालच्या लेकरांना असते.” “आन् पासष्टीपुढच्या बाईला काय असतं, मॅडम?” नव्या मदतनीसबाईची पळी पातेल्यातच थांबली. मी तिला म्हणलं, “वाढ पोरी. शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवते.”