डोअरकीपर फरार

"तो 'फरार' शब्द तेवढा काढा, मास्तर," म्हातारी पुन्हा म्हणाली.

मास्तरांनी चष्मा पुसला. जिल्ह्याच्या पेपरात ते रोज 'आजच्या दिवशी' हे सदर लिहायचे. पूल कधी झाला, पूर कधी आला, सगळं तोंडपाठ. लोक त्यांना तारीखमास्तरच म्हणायचे. उद्याची तारीख मात्र त्यांना नकोशी व्हायची.

त्या तारखेला थिएटर जळालं होतं. बाहेरून कडी घातलेल्या दारामागे माणसं होरपळून मेली. मास्तरांची धाकटी बहीण त्यांतलीच एक.

कडी घालणारा डोअरकीपर हा या म्हातारीचा मुलगा. सदरातली शेवटची ओळ दरवर्षी तीच असायची : 'डोअरकीपर फरार.' आणि दरवर्षी आदल्या दिवशी म्हातारी पेपरच्या कचेरीत ठाण मांडायची.

"एक प्रेत ओळखू आलं नव्हतं ना? तो माझाच होता हो. दार उघडायला धावला आणि तिथेच संपला."

"मग मावशी, तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा लोक माझ्या घरावर दगड मारत होते. माझं कोण ऐकणार?"

हे मात्र खरं होतं. ते दगड मास्तरांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि कुणाला अडवलं नव्हतं.

"तुमचं छापून आलं की पोलीस पुन्हा दारात उभे. तुम्ही लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! माझं काय, आज आहे उद्या नाही. माझ्यामागे त्याला कोण आहे, मास्तर?"

मास्तरांना भरून आलं. मेलेल्या बहिणीलाही त्यांच्याशिवाय कोण होतं? पण एवढा राग उराशी धरून ती थोडीच परत येणार होती! आणि ही बाई, पोटचा गोळा गमावून वर शिव्याशाप खात जगली. मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं : 'लोकांना वाचवताना डोअरकीपरचाही मृत्यू झाला.'

म्हातारीने दोनदा वाचून घेतलं. रडली मात्र नाही.

"उद्या पेपर घरी आणून देतो, मावशी."

"घरी नको!" ती गडबडीने उठली. "तुम्ही कशाला तसदी घेता? मीच घेईन चौकातून."

सकाळी मास्तरांना घरात चैन पडेना. इतकी वर्षं आपण एका मेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवत आलो, हे काही केल्या मनातून जाईना. माफी मागितल्याशिवाय घास उतरायचा नाही. पेपर काखेत मारून ते म्हातारीच्या गल्लीत शिरले. खिडक्या बंद होत्या. म्हातारी बहुधा चौकात गेली असावी. तरी त्यांनी दार वाजवलं.

आत पावलं वाजली. दाराला अगदी लागून एक घोगरा, पुरुषी आवाज आला, "आलीस का गं आई? छापलं ना त्याने?"