पाच हजार मैलांचा केर

नंदकुमारचं विमान आता नेमकं कुठं असेल, हे गजानन मास्तरांनी ओट्यावर जमलेल्या लोकांना पुन्हा एकदा समजावून सांगितलं. शाळेतला पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन त्यांनी मुंबईपासून लंडनपर्यंत सुती दोरा ताणून धरला होता. पाच हजार मैल. मध्ये कैरो, मग जिनिव्हा. बोटीला तीन आठवडे लागतात, विमानाला एक रात्र आणि एक दिवस.

त्या वर्षी संस्थानं विलीन होत होती आणि शाळेतल्या नकाशाचे रंग दर महिन्याला बदलत होते. पण मोहल्ल्यातून विमानानं विलायतेला गेलेला पहिला मुलगा मास्तरांचा, यात आता काही बदलणार नव्हतं.

घरात मात्र केर साचला होता. माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत मागे घर झाडायचं नाही, झाडलं तर त्याची वाट पुसली जाते, असं मास्तरांच्या बायकोला, कमलला, तिच्या आईनं शिकवलं होतं. बैलगाडीनं निंबोल्याला जाणाऱ्यासाठी हे सोपं होतं, दुपारपर्यंत निभायचं. नंदू तर मुंबईला विमान गाठायला तीन दिवसांपूर्वीच घरातून निघालेला. धूळ, शेंगांची टरफलं, सगळं पायाखाली येत होतं. केरसुणीकडे बघायचंसुद्धा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. एकुलता एक पोरगा, तिचा जीव टांगणीला लागला होता.

मास्तरांना चेष्टेला आयताच विषय मिळाला. आमच्या घरची केरसुणी थेट कैरोपर्यंत पोहोचते बरं का, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लोक हसत. कमलही हसे, पण आपला हेका सोडत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शाळेच्या कमिटीची माणसं आणायला निघाले. मुलगा विलायतेला गेला म्हणून संध्याकाळी मास्तरांचा सत्कार घरीच व्हायचा होता. चपला घालताना ते म्हणाले, "माझ्या गणितानं तो केव्हाच उतरला. तुझं मन मानत नसेल तर नको झाडूस. बसतील लोक केरात."

ते गेल्यावर कमल बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिली. नंदू पोहोचल्याची तार अजून आलेली नव्हती. पण चार शिकलीसवरलेली माणसं घरी येणार आणि घराचा हा उकिरडा. साऱ्या गावाला अंतर समजावणाऱ्या माणसाच्या गणितावर त्याच्याच बायकोचा भरवसा नाही, असं लोक म्हणतील. मुलाचा तिला अभिमान होता, पण नवऱ्याचा काही कमी नव्हता. त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. तिनं देवाला हात जोडले, पदर खोचला आणि न्हाणीच्या दाराआड हात घातला.

केरसुणी तिथं नव्हती. कोठीत नव्हती, परसात नव्हती.

मग ती शेजारच्या आशाबाईंकडे गेली. आमची कुठं सापडत नाही, घटकाभर तुमची द्या, म्हणाली.

आशाबाई सुपातले तांदूळ निवडायच्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "तुमची मायाजवळच हाय वो वहिनी. नंदू गेला त्याच सकाळी मास्तर घेऊन आले. म्हने, तार आल्याबिगर हिच्या हाती देऊ नका, अन् माझं नाव तर सांगूच नका."