बोर्डावरची पहिली ओळ

ट्रक थेट पारासमोर येऊन थांबला, तेव्हा सरपंच बलभीमच्या हातातला नारळ हातातच राहिला. सावळवाडीत ट्रक कधी येत नाही. फार तर उसाचा ट्रॅक्टर येतो. केबिनमधून एक परका ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडला, "दवाखाना किधर है? जल्दी बोलो, लड़का मर जाएगा!"

सावळवाडीत दवाखाना नव्हता. कधीच नव्हता.

गाव जमलं होतं ते बलभीमच्या सत्काराला. त्या दिवशी सकाळीच हायवेवरच्या फाट्यावर मोठा हिरवा बोर्ड उभा राहिला होता. सगळ्यात वर सावळवाडी, खाली उमरगा आणि त्याखाली हैदराबाद. हैदराबादच्या पंगतीत आपलं गाव बसलं, तेही वरच्या पाटावर, म्हणून माणसं नुसती हरखून गेली होती. फाट्यावरचा चहावालासुद्धा टपरी बंद करून आला होता.

ती वरची ओळ काही सहज मिळाली नव्हती. बोर्डावर ओळी तीनच. शेवटचं मोठं शहर, मधलं तालुक्याचं ठिकाण, आणि वर जवळचं एक गाव. एकच. फाट्यावरून डावीकडे सावळवाडी आणि उजवीकडे हिंगणखेड, दोन्ही तीन-तीन किलोमीटरवर. लोकसंख्या उन्नीस-बीस. बोर्डाचं काम बघणारी इंजिनिअर निकिता हिंगणखेडचं नाव घालणार होती, कारण सरकारी दवाखाना तिथे होता.

बलभीम तावातावाने तिच्या ऑफिसात गेला होता. "दवाखाना कुठं हाय ते इथल्या शेंबड्या पोरालाबी म्हाईत हाय, मॅडम. त्याला बोर्ड कशाला पायजे?"

"बोर्ड गावातल्या माणसासाठी नसतो, काका," ती म्हणाली होती. "परक्या माणसासाठी असतो."

पण बलभीम हट्टाला पेटला होता. वर्षभर त्याने चपला झिजवल्या. शेवटी ती पोरगी कंटाळली आणि म्हणाली, दोन्ही सरपंचांनी मिळून एक नाव ठरवा आणि सही करून द्या.

आता नाव ठरवायचं म्हणजे कुणी मागे सरायचं? या दोन गावांत पाण्याची पाळी असो की पालखीचा मान, वाद मिटेना की अणदूरच्या खंडोबापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, ही जुनी रीत. देवाने उचलून दिलेल्या चिठ्ठीवर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. हिंगणखेडचा सरपंच रामलिंग साधा माणूस. कागद पुढे सरकवत म्हणाला, "चिठ्ठ्या तुमीच लिवा आण्णा. तुमचं अक्षर मोत्यावानी हाय."

बलभीमने चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या. पुजाऱ्याने त्या भंडाऱ्याच्या ताटात घोळवल्या आणि डोळे मिटून एक उचलली. सावळवाडी. उरलेली चिठ्ठी उघडायची नसते, उघडली तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ती दिवटीवर जाळतात. बलभीमने स्वतःच्या हाताने जाळली. रामलिंगने कपाळाला भंडारा लावला, सही केली आणि मुकाट्याने घरी गेला.

"अरे बोलो ना कोई!" ड्रायव्हर आता रडायच्या बेताला आला होता. आयुब त्याचं नाव, जहीराबादकडचा. फाट्यावर कुठलीशी कार एका मोटारसायकलला उडवून पळून गेली होती. विचारायला तिथे चिटपाखरू नव्हतं. १०८ ला फोन लावला तर गाडी लांब होती. मग त्याने एकट्याने त्या पोराला उचलून केबिनमध्ये घातलं.

बलभीम पुढे झाला. केबिनच्या सीटवर रक्तात भिजलेली एक पिशवी होती, आणि पिशवीतून झेंडूचा हार बाहेर आला होता. सत्काराचे हार आणायला त्याने सकाळी कुलदीपला अणदूरला धाडलं होतं. एकुलता एक लेक. केबिनमध्ये पडलेल्या पोराचा चेहरा बघायची गरजच उरली नाही, तरी त्याने तो बघितला.

"बोर्ड पे सबसे ऊपर इसी गाँव का नाम था," आयुब सांगत होता. "मैं समझा, दवाखाना इधरिच होगा."

गल्लीत ट्रक वळेना. माणसांनी पाराजवळचा मांडव मोडला, मोटारसायकली उचलून बाजूला टाकल्या. तीन किलोमीटर मागे, मग तीन पुढे. हिंगणखेडच्या दवाखान्यात डॉक्टर जागेवर होते, नर्स होती, सलाईन होतं, सगळं होतं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. "अर्धा तास आधी आला असता तर..." एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सावडणं उरकून बलभीम ओसरीवर बसला होता. त्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, आणि रडलाही नव्हता. हिंगणखेडची माणसं भेटायला आली. सगळ्यांच्या पुढे रामलिंग होता. तो जवळ येऊन जमिनीवर बसला आणि त्याने बलभीमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आण्णा, त्या बोर्डाचं मनाला लावून घिऊ नका," रामलिंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "तुमी काय केलं त्यात? देवानंच चिठ्ठी दिली. देवाचा कौल हुता त्यो."

बलभीमने हात सोडवून घेतला.

"देवाला कशाला बोल लावता, रामलिंग," तो म्हणाला. "म्या दोन्ही चिठ्ठ्यांवर सावळवाडीच लिवली हुती."