मागच्या रांगेतला आवाज

"एकच आवाज सगळ्याचा विचका करतोय, मास्तर," फादर म्हणाले. "तेवढा बंद झाला पाहिजे. पण हळूच. कुणाचं मन दुखायला नको."

नाताळाआधीच्या आगमनकाळाची मैफल आदल्याच दिवशी झाली होती. फादर बोलत होते गायकवृंदाच्या मास्तरांशी, पण बघत होते कोपऱ्यात गायकांच्या झग्यांना इस्त्री करणाऱ्या शिवणवाल्या मावशीकडे. मास्तरांना काय समजायचं ते समजलं. मावशीनेही मान खाली घालून इस्त्री फिरवली.

आणि सांगायला तरी कशाला हवं होतं! काल मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गायकवृंद उभा राहायचा वर सज्जात, कर्णे होते खाली, बाकांच्या डोक्यावर. त्या कर्ण्यांतून चौदा गळ्यांच्या वरताण एक फाटका, घोगरा, सुराच्या मागून धापा टाकत येणारा आवाज घुमत होता. तीस वर्षं ही बाई मागच्या रांगेच्या टोकाला उभी राहते. कपडे शिवावेत, गप्प घरी जावं. गाण्याच्या नादी लागायला हिला सांगितलं कुणी?

तसा मास्तरांना अख्ख्या वृंदाचाच तिटकारा होता. पोस्टमन नाकातून गायचा. बेकरीवाला भलत्याच जागी श्वास घ्यायचा. दोघी शिक्षिका सुराकडे कमी, एकमेकींच्या केसांकडे जास्त बघायच्या. अशा गबाळ्यांत बावीस वर्षं फुकट गेली! मास्तरांचा डोळा कॅथेड्रलवर, बिशपांच्या मुख्य चर्चवर होता. तिथले संगीतप्रमुख निवृत्त व्हायचे होते, आणि ख्रिस्त राजाच्या सणाला, म्हणजे चर्चच्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी, बिशप स्वतः इथली मैफल ऐकायला येणार होते. ती जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर जन्मभर हेच नाकातलं गाणं.

त्यांनी मावशीला बाजूला घेतलं.

"मावशी, वय झालं आता. नाताळपासून तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढायचा नाही. खाली कुणाला कळणार नाही."

"बरं, मास्तर."

"वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट कसलं? गाणं चांगलं झालं म्हणजे झालं. उभी मात्र माझ्याच जागेवर राहू ना?"

"राहा की. रांग रिकामी दिसायला नको."

ती जागा भिंतीपाशी होती, माइकच्या बटणांची फळी होती तिथे. घंटावाला मैफलीआधी सगळी बटणं चालू करून निघून जायचा, आणि मावशी पाठीमागे भिंतीला हात टेकून उभी राहायची. गुडघे गेलेले, दुसरं काय!

नाताळची मैफल अशी रंगली की फादरनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ऑर्गन नुसता आधारापुरता वाजतो, सगळी मदार गळ्यांवर. तिथेही नाव ठेवायला जागा नव्हती. ईस्टरला तर लोक बाहेर पायऱ्यांवर उभे होते.

मास्तरांना मूठभर मांस चढलं. हात हलवता हलवता ते स्वतःही गायचे, वृंदाला धरून ठेवायला. त्यासाठी आगमनकाळाआधीच समोर खास वेगळा माइक लावून घेतलेला.

"माझा आवाज आताशा वेगळा ऐकूच येत नाही," त्यांनी बायकोला सांगितलं. "इतका मिसळून जातो! याला म्हणतात कसब."

"हो ना," बायको म्हणाली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मास्तर रियाजाला बसले की ती दार लावायचीच. आपली एकाग्रता मोडू नये म्हणून बिचारी जपते, असं मास्तरांना वाटायचं.

ख्रिस्त राजाचा सण आठवड्यावर आला, तसं मास्तरांना नवंच खुपायला लागलं. बिशप आशीर्वाद द्यायला सज्जात येणार, आणि तिथे ही म्हातारी माशासारखं तोंड हलवत भिंतीला टेकलेली!

"मावशी, या वेळी तुम्ही खाली बसून ऐका."

मावशीच्या हातातली सुई थांबली. "मास्तर, मी तोंड उघडतच नाही हो. नुसती उभी राहते."

"नुसतं उभं राहायला माणूस कशाला हवं?"

"एकदा फादरना विचारता का?"

"फादरना काय कळतं गाण्यातलं?"

"ऐका माझं. तुमच्या भल्यासाठीच सांगते..."

"माझं भलं मला कळतं. झगा ठेवा आणि निघा."

मावशीचे डोळे भरून आले. स्वतः शिवलेला झगा तिने घडी करून टेबलावर ठेवला. मिरवायला मिळणार नाही म्हणून रडतेय, मास्तर मनात म्हणाले.

रविवारी दुपारी चर्च खचाखच भरलं. पहिल्या बाकावर बिशप, शेजारी फादर. घंटावाला बटणं चालू करून खाली गेला. मागच्या रांगेच्या टोकाला, एरवी मावशीच्या पाठीआड झाकल्या जाणाऱ्या फळीवर चारही माइकचे लाल दिवे लागलेले होते. मास्तरांनी हात उचलले.

दुसऱ्याच ओळीला कर्ण्यांतून तो आवाज आला. फाटका, घोगरा, सुराच्या मागून धापा टाकत येणारा.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी कठड्यावरून खाली नजर टाकली. मावशी चौथ्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसली होती. मग कोण? पोस्टमनच! गाता गाताच त्यांनी डोळे वटारून त्याला गप्प राहायची खूण केली. पोस्टमन गप्प झाला. आवाज तसाच. बेकरीवाला? तोही गप्प झाला. दोघी शिक्षिका गप्प झाल्या. मास्तरांचं बोट एकेका तोंडावरून फिरत गेलं, एकेक तोंड मिटत गेलं. खाली बिशपनी मान वर केली. फादरनी डोळे मिटून घेतले. ऑर्गनवाल्यानेही हात उचलले.

सज्जातली तेराही तोंडं बंद होती आणि तो आवाज चर्चभर घुमतच होता. मास्तर दचकून थांबले, तसा तोही थांबला.